माउंटन बाइकची चेन: साफ कशी करायची आणि तेल नेमकं कुठे द्यायचं

माझी पहिली माउंटन बाइक ८ स्पीडची (मागे आठ गिअर असलेली) साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) होती. घेतली त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून चिखलानं माखून आलो, सायकल तशीच जिन्याखाली लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चेनवर नारिंगी गंज. घाबरून मोटरसायकलचं इंजिन ऑइल आणलं आणि चेनवर सोडलं. गंज दिसेनासा झाला, करकर थांबली. मग दर रविवारी तेच करत राहिलो. पाऊस गेला, दिवाळीनंतर टेकडीवरची माती पिठासारखी उडायला लागली आणि ती सगळी त्या तेलावर येऊन बसली. मार्चमध्ये गिअर उड्या मारायला लागले म्हणून दुकानात गेलो, तर चेनबरोबर मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांचा संच) आणि पुढची चक्रीसुद्धा बदलावी लागली. नऊ महिन्यांत.

मेकॅनिकनं जुनी चेन आडवी धरून दाखवली. ती धनुष्यासारखी बाजूला वाकत होती. नवी चेन त्याच्या निम्मीही वाकत नव्हती. मला वाटत होतं, तेल कमी पडलं. झालं होतं उलटंच. तेल भरपूर होतं, पण हवं तिथे पोचलं नव्हतं आणि नको तिथे साचलं होतं. तेव्हापासून चेनची सफाई मी मनावर घेतली. नवीन सायकल घेतलेल्यांचा तेवढा खर्च वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहितो आहे.

चेन आतून कशी असते

एवढं आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळेल.

चेनची एक कडी डोळ्यांजवळ धरा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांतून आरपार गेलेली पिन आणि पिनेभोवती एक छोटासा रोलर. नखानं ढकललात तर रोलर गोल फिरतो. आतल्या पट्ट्यांच्या भोकांना बारीक उभी कड असते. पिन त्या कडेच्या आतून फिरते, रोलर बाहेरून. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. अशा शंभर-सव्वाशे कड्या मिळून चेन होते.

पेडल मारताना प्रत्येक कडी दात्यांवर चढते तेव्हा वाकते आणि उतरते तेव्हा सरळ होते. खरी घासाघीस होते ती पिन आणि कड यांच्यात, कड आणि रोलर यांच्यात आणि एकमेकींना चिकटून असलेल्या पट्ट्यांच्या मधे. तेल लागतं ते इथे. बाहेरून दिसणाऱ्या पट्टीवरचा अगदी पातळ हात गंजापासून थोडं वाचवतो; त्याहून जास्त तेल फक्त धूळ धरतं. तेलात कालवलेली धूळ म्हणजे गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्टच. मग देशावरच्या काळ्या दगडाचा चुरा असो की कोकणातल्या जांभ्याची लाल माती.

ही पेस्ट आत शिरली की पिना आणि भोकं झिजतात, प्रत्येक कडीत केसाएवढी ढिलाई येते आणि सगळ्या कड्यांची मिळून चेन लांब होते. आपण म्हणतो ‘चेन ताणली’, पण लोखंड ताणलेलं नसतं, भोकं मोठी झालेली असतात. लांबलेली चेन दात्यांच्या खाचेत नीट बसत नाही, वर सरकते आणि दाते खाते. माझी कॅसेट अशी गेली.

म्हणून एकच गोष्ट धरून चाला: तेल कडीच्या आत, बाहेरून चेन कोरडी.

काय काय लागेल

- जुने सुती कपडे. जुना बनियन सगळ्यात चांगला. सिंथेटिक टी-शर्ट तेल शोषत नाही, नुसतं पसरवतो.
- एक जुना टूथब्रश आणि एक कडक केसांचा ब्रश (कपडे घासायचा चालेल).
- सायकलचा डीग्रीझर (तेलकट घाण सोडवणारा द्रव), किंवा रॉकेल. शहरात रॉकेल आता सहज मिळत नाही; रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं.
- भांडी घासायचा लिक्विड साबण, बादलीभर पाणी.
- सायकलच्या चेनचं तेल, म्हणजे चेन ल्यूब.
- रबरी हातमोजे. टर्पेंटाइननं हाताची कातडी उलते.
- बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि १२ इंची स्टीलची पट्टी. प्लास्टिकची नको, तिच्या खुणा नेमक्या नसतात.
- स्वच्छ प्लास्टिकची पिशवी, ब्रेकची डिस्क झाकायला. दुधाची पिशवी नको. कितीही धुतली तरी तिला स्निग्धपणा राहतो आणि तो ब्रेकला चालत नाही.

पेट्रोल वापरू नका. घरात, गॅलरीत, कुठेच नाही. त्याची वाफ ठिणगीनं पेटते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरतानाही जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

तेल कोणतं घ्यावं

सायकलच्या दुकानात प्रामुख्यानं दोन प्रकार मिळतात. ड्राय ल्यूबमध्ये मेण किंवा टेफ्लॉनसारखा पदार्थ पातळ द्रवात मिसळलेला असतो. द्रव उडून जातो आणि आत पातळ थर राहतो. धूळ कमी चिकटते, पण ओढा ओलांडला की बरंचसं धुऊन जातं. वेट ल्यूब तेलकट आणि चिवट असतं. पाण्यात टिकतं, पण धूळ गोळा करतं. ऑक्टोबर ते मे ड्राय, जून ते सप्टेंबर वेट, असं मी वर्ष वाटून घेतलं आहे. एकच बाटली घ्यायची असेल तर वेट घ्या आणि कोरड्या दिवसांत अगदी कमी लावून खूप पुसा. उलटं केलंत तर जुलैत एका राइडमध्ये चेन उघडी पडेल.

तिसरा प्रकार म्हणजे चेन उतरवून वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवणं. चेन खूप स्वच्छ राहते, पण आधी तिच्यातला तेलाचा शेवटचा अंशही काढावा लागतो आणि मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावं लागतं. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

आता घरात सापडणाऱ्या तेलांबद्दल, कारण पहिला हात तिकडेच जातो. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल धूळ ओढतात, ते वर सांगितलंच. ग्रीस आत शिरत नाही, बाहेर बसून राहतं. खोबरेल तर मुळीच नको: साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे चेनमध्ये मेणचट पांढरा थर बसलेला असतो. शेंगदाणा, सूर्यफूल ही खाण्याची तेलं हवेनं चिकट होत जातात, डब्याच्या झाकणाला बसतो तसा चिकटा चेनला बसतो. शिलाई मशीनचं तेल आत छान शिरतं, पण इतकं पातळ असतं की टिकत नाही. आडगावी दुसरं काही मिळालं नाही तर ते लावा आणि घरी आल्यावर पुन्हा नीट तेल द्या.

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० हा फवारा चेनचं तेल नाही. त्याच्या नावातच पाणी हटवणं हा अर्थ आहे. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला किंवा गंज सोडवायला तो उपयोगी पडतो, पण नंतर चेन पुसून वेगळं तेल द्यावंच लागतं. शिवाय फवाऱ्याचे तुषार मागच्या डिस्कपर्यंत जातात.

१. सायकल अशी उभी करा की पेडल उलटं फिरेल

रिपेअर स्टँड असेल तर उत्तमच. माझ्याकडे बरीच वर्षं नव्हता. गॅलरीत झोपाळ्याच्या कडीला जाड दोरी बांधून सीटच्या पुढच्या टोकाखालून घ्यायचो. मागचं चाक वीतभर उचललं की झालं.

सायकल उलटी, सीट-हँडलवर उभी करूनही काम होतं. पण ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबानं चालणारे) असतील तर उलटं ठेवल्यावर आतली हवा कधीकधी नळीत सरकते. सरळ केल्यावर निघण्याआधी दोन्ही लिव्हर पाच-सहा वेळा दाबून पाहा. लिव्हर पोकळ लागली तर ती घट्ट होईपर्यंत सायकल चालवू नका.

चेन मागच्या कॅसेटच्या मधल्या दात्यांवर आणा. सगळ्यात मोठ्या दात्यांवर ठेवून उलटं फिरवलं तर बऱ्याच सायकलींत ती खाली घसरते. मागच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) क्लच (चेन उडू न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची कळ बंद करा, पेडल हलकं फिरेल. काम झाल्यावर ती पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच उतारावर चेन फ्रेमवर आपटत राहते.

२. डिस्क ब्रेक झाका

मागची डिस्क डाव्या बाजूला असते आणि चेन उजव्या, त्यामुळे वाटतं की धोका नाही. धोका असतो. ब्रश झटकला की तेलकट थेंब आऱ्यांमधून पलीकडे जातात. एकदा माझ्या हातून असंच झालं. त्यानंतर ब्रेक दाबला की किंचाळायचा आणि धरायचा निम्माच. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून निघाली, पॅडनं मात्र तेल पिऊन घेतलं होतं, ते बदलावेच लागले. सिंहगडाच्या उतारावर अर्धवट धरणारा ब्रेक घेऊन कुणी जाऊ नये, म्हणून ही पायरी गाळू नका. पिशवी डिस्क आणि कॅलिपर (ज्यात पॅड बसतात तो भाग) दोन्हींवर ओढून रबर लावा. तेलाच्या हातानं डिस्कला शिवू नका.

३. आधी कोरडी माती काढा

चिखल वाळला असेल तर कडक ब्रशनं झटका. ओला असेल तर साध्या पाइपनं, कमी जोरानं पाणी सोडा. थेट तेल किंवा डीग्रीझर लावलंत तर ती माती आत ढकलली जाते.

दुचाकी धुवायच्या सेंटरमध्ये सायकल नेऊ नका. तिथला प्रेशरचा फवारा चाकाच्या मध्यातला हब, पेडलचा आस आणि डिरेलर यांच्या रबरी सीलमधून पाणी आत घालतो आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतो. सायकल चकाचक दिसते, आणि काही आठवड्यांनी चाक फिरताना खरखर ऐकू येऊ लागते.

४. पुसा आणि मग ठरवा

डाव्या हातात फडकं घ्या, चेनचा खालचा भाग त्यात हलकेच धरा आणि उजव्या हातानं पेडल उलटं फिरवा. फडक्याची स्वच्छ बाजू घेत घेत वीस-पंचवीस फेऱ्या.

इथे बोटं जपा. पेडल उलटं फिरतं तेव्हा खालची चेन डिरेलरकडून पुढच्या चक्रीकडे ओढली जाते. म्हणून फडकं डिरेलरच्या बाजूला धरा, बोटाला गुंडाळू नका आणि पेडल सावकाश फिरवा. फडकं अडकलं तर सोडून द्यायचं. लहान मुलं जवळ असतील तर हे काम नंतर करा. फिरती चेन त्यांना हात लावावीशी वाटते.

पुसून झालं की दोन पट्ट्यांच्या मधल्या सांधीत पाहा. तिथे काळा मेणासारखा गाळ दिसत नसेल आणि पेडल फिरवताना लक्ष देऊन ऐकल्यावर वाळूसारखी खसखस येत नसेल, तर धुवायची गरज नाही. थेट पायरी ८ वर जा. चार वेळांतून तीन वेळा एवढंच पुरतं. दर वेळी डीग्रीझरनं धुणं हीसुद्धा चूकच, कारण आतलं चांगलं तेल आपण आपल्या हातानं काढून टाकतो आणि ते पुन्हा तितकंच आत पोचेल याची खात्री नसते.

नवी चेन असेल तर कारखान्यातून लावलेलं ग्रीस आत असू द्या, फक्त बाहेरून पुसा.

५. डीग्रीझरनं धुणं

डीग्रीझर वाटीत थोडं घ्या, टूथब्रश बुडवा आणि चेनच्या खालच्या भागावर चारही बाजूंनी घासा: वर, खाली, दोन्ही कडा. पेडल थोडं फिरवून पुढच्या कड्या समोर आणा. कुठून सुरू केलं ते कळायला क्विक लिंक ही खूण धरा. चेन उघडायची ही एक कडी इतरांपेक्षा वेगळी दिसते, तिच्या पट्टीत लांबट भोक असतं.

चेनवर चिकटणारी, आत ब्रश असलेली चेन क्लीनरची डबी मिळते. चालते. पण तिच्यातून गळतं, खाली कागद पसरा.

गंज काढायची आम्लं, बाथरूमचा क्लीनर, कॉस्टिक सोडा यांतलं काही चेनला लावू नका. चेनचं पोलाद त्यानं ठिसूळ होऊ शकतं आणि चढावर पूर्ण जोर असताना ती तुटते.

६. कॅसेट आणि त्या दोन छोट्या चक्र्या

चेन धुतली आणि हे तसंच ठेवलं तर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सगळी घाण परत चेनवर येते. डिरेलरमधल्या दोन छोट्या चक्र्यांच्या दात्यांवर काळ्या गाळाची वडी बसलेली असते. चक्री फिरवत बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा, वडी सालीसारखी सुटून येते. मला सगळ्या सफाईत हेच काम सगळ्यात आवडतं.

कॅसेटच्या दात्यांमधून फडक्याची कड किंवा बुटाची जुनी नाडी दात घासल्यासारखी पुढे-मागे ओढा. डीग्रीझर वापरायचं असेल तर चाक काढा आणि कॅसेटची बाजू जमिनीकडे तिरकी धरा, म्हणजे द्रव हबच्या बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडेल. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा.

७. साबण, पाणी आणि खरोखर सुकवणं

साबणाच्या पाण्यानं चेन घासा, साध्या पाण्यानं धुवा. मग कोरड्या फडक्यातून उलटं पेडल मारत राहा, फडकं ओलं व्हायचं थांबेपर्यंत.

चेन बाहेरून कोरडी झाली म्हणजे आतून झाली असं नाही. रोलरच्या आत पाणी अडकून राहतं. त्यावर तेल घातलं तर तेल आत जात नाही, पाणी बाहेर येत नाही आणि दोन-तीन दिवसांत चेन चिमणीसारखी चिवचिवते. उन्हात तासभर ठेवा. जुलैत ऊन नसतं, तेव्हा टेबल फॅन लावून दोन तास. घाईच असेल तर धुणं पुढच्या रविवारवर ढकला, ओल्या चेनवर तेल घालू नका.

८. झीज मोजा

चेन स्वच्छ आहे तोवर एक मिनिट द्या. मागचा ब्रेक धरून पेडलवर थोडा जोर द्या, म्हणजे वरचा भाग ताणलेला राहील. स्टीलच्या पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचांची खूण बरोबर दुसऱ्या एका पिनेच्या मध्यावर येते. ती पिन १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का लांबली आहे. ११ आणि १२ स्पीडच्या सायकलला इथेच चेन बदला. ८, ९, १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. १/८ इंच पुढे गेली असेल तर उशीर झाला आहे, कॅसेटचेही दाते पाहून घ्या.

दुकानात चेन चेकर नावाचं साधन मिळतं, ०.५ आणि ०.७५ अशा खुणांचं. पट्टीवर डोळे ताणायचा कंटाळा असेल तर ते घ्या. ८ स्पीडची चेन काही शेकड्यांत येते, कॅसेट आणि चक्री मिळून त्याच्या कितीतरी पट जातात. वेळेवर चेन बदलली तर एकाच कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात.

मोजताना कुठली कडी ताठ राहते का, कुठल्या पट्टीला तडा आहे का, तेही पाहा.

९. तेल: एका रोलरला एक थेंब

बाटली हलवा. ड्राय ल्यूबमध्ये मेण तळाशी बसलेलं असतं, न हलवता लावलं तर नुसता पातळ द्रवच जातो.

क्विक लिंक समोर आणा. तेल चेनच्या आतल्या अंगाला द्यायचं, म्हणजे खालच्या भागाची वरची बाजू. चेन चक्रीवरून वळते तेव्हा तेल बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं, म्हणून आतून दिलेलं तेल कडीतून आरपार जातं. नळीचं टोक रोलरवर आणा, एक थेंब सोडा. थेंब रोलरवर क्षणभर फुगून बसतो आणि मग दोन्ही बाजूंच्या सांधीत ओढला जाऊन दिसेनासा होतो. तो असा नाहीसा होणं म्हणजेच तेल जागेवर गेलं. मग पुढचा रोलर. क्विक लिंक परत आली की थांबा. सगळी चेन मिळून जेमतेम चहाचा एक चमचा तेल लागतं.

पेडल गरगर फिरवत बाटली वरून धरायची, ही पद्धत बहुतेक जण वापरतात. त्यात तेल पट्ट्यांच्या बाहेर जास्त जातं, एखादा रोलर कोरडाच राहतो आणि ओघळ चाकाच्या रिमवर येतो.

झाल्यावर अर्धा मिनिट पेडल उलटं फिरवा. मग सायकल ठेवून द्या. वेट ल्यूबला १५-२० मिनिटं पुरतात. ड्राय ल्यूब रात्रभर मुरू द्या. त्यातला द्रव उडायला वेळ लागतो, म्हणून ते राइडच्या आदल्या संध्याकाळी लावायचं. सकाळी सहाला निघताना लावलं तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत ते धूळ गोळा करून मोकळं झालेलं असतं.

१०. पुसून टाका

नवीन माणसाच्या हातून राहते ती हीच पायरी, आणि माझी पहिली चेन गेली ती ही न केल्यामुळे. स्वच्छ कोरडं फडकं घ्या आणि चेन पुसा. पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू, वर, खाली. आपण आत्ता घातलेलं तेल आपणच काढतोय असं वाटेल, पण फडकं फक्त बाहेरचं काढतं, पिनेजवळ ते पोचतच नाही. दोन बोटांनी चेनला स्पर्श करा. बोटाला हलकी झाक यावी, डाग येऊ नये.

पहिल्या राइडनंतर आणखी एकदा पुसा, कारण आतलं जास्तीचं तेल फिरून फिरून बाहेर आलेलं असतं. मग पिशवी काढा, ब्रेक दाबून पाहा, सगळे गिअर टाकून पाहा.

चेन काढून धुवायची वेळ कधी येते

दर वेळी काढायची गरज नाही. पण दाट चिखलातून आलात किंवा कोकणात समुद्राच्या ओल्या वाळूवरून सायकल चालवलीत तर काढणं बरं. खारं पाणी लागलेली सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, सकाळची वाट पाहू नका.

काढण्याआधी डिरेलरचा जवळून फोटो काढा. दोन चक्र्यांच्या मधे एक बारीक आडवी पट्टी असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूनं ओवली तर पेडल फिरतं, पण चेन त्या पट्टीला घासत राहते, आणि नवखा माणूस तासभर गिअर लावत बसतो. चेनच्या एकाच बाजूला अक्षरं कोरलेली असतील तर ती बसवताना बाहेर यायला हवीत.

क्विक लिंक तिच्या खास पकडीनं उघडा. चेन रुंद तोंडाच्या बरणीत घाला, बुडेल एवढं टर्पेंटाइन ओता, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. पहिलं टर्पेंटाइन कोऱ्या चहासारखं काळं येतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बदललं की स्वच्छ येतं. मग साबण, पाणी, सुकवणं, वरच्याप्रमाणेच. ११ आणि १२ स्पीडच्या बऱ्याच क्विक लिंक एकदा उघडली की पुन्हा वापरू नका असं बनवणारेच सांगतात, म्हणून नवी आणून ठेवल्याशिवाय जुनी उघडू नका. बसवताना ती चेनच्या वरच्या भागात आणा, मागचा ब्रेक धरा आणि पेडलवर जोर द्या. टक् असा आवाज आला की बसली.

वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणी आठवडाभर हलवू नका, गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ पुन्हा वापरता येतं. गाळ जुन्या वर्तमानपत्रात टिपून कोरड्या कचऱ्यापासून वेगळा बांधून द्या. आणि हे द्रव कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात मूल असो नसो, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

किती दिवसांनी

कोरड्या दिवसांत मी दर राइडनंतर दोन मिनिटं पुसतो आणि साधारण १५० किलोमीटरनं तेल देतो. पावसाळ्यात दर राइडनंतर पुसणं, सुकवणं, तेल, तिन्ही. सायकल ओली ठेवून झोपलो तर सकाळी गंज ठरलेला. डीग्रीझरनं धुणं महिन्या-दीड महिन्यातून एकदा. पण किलोमीटरपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवा. नीट तेल दिलेली चेन फक्त बारीक सरसर करते. चिवचिव आली तर तेल संपलंय, खसखस आली तर माती आत गेली आहे.

लांबच्या राइडला सीटखालच्या पिशवीत औषधाच्या छोट्या बाटलीत १० मिलिलिटर तेल, हातरुमालाएवढं फडकं आणि एक जादा क्विक लिंक ठेवा. क्विक लिंक तुमच्या स्पीडचीच हवी. ८ स्पीडची कडी १२ स्पीडच्या चेनला बसत नाही, आणि हे ताम्हिणीच्या घाटात कळून उपयोग नसतो.